डोंगराच्या बाजूची खिडकी

मंगळवारी सकाळी नगरपालिकेचा माणूस आमची चूल बुजवायला आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. तो येणार हे ठाऊक होतं. आमच्या भागात यापुढे धूर करायचा नाही असं ठरलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या चिमणीचं तोंड विटांनी बंद करून त्या जागी गॅसचा हीटर बसवायचा होता, आणि मीही खुशीने होकार दिला होता. बर्मिंगहॅममध्ये आल्यापासून कोळशाची राख उपसून उपसून माझी कंबर गेली आहे, त्यामुळे गळा काढण्याचं काही कारण नव्हतं. माणूस सभ्य होता. पिम त्याचं नाव. पायपुसण्यावर बूट घासून तो आत आला, चुलीकडे बघून म्हणाला, "पेटलेली आहे की, बाई. विझवून ठेवा म्हणून सांगून गेले होते ना आमचे लोक?" मी म्हटलं, विसरले. विसरले नव्हते, सकाळी थंडी होती. "हरकत नाही," असं म्हणून त्याने माझीच किटली उचलली आणि रोपाला पाणी घालावं तशी सावकाश निखाऱ्यांवर ओतली. चर्र आवाज झाला, वाफ आली, ओल्या राखेचा वास खोलीभर पसरला. पुढे काय झालं ते मला तुटक आठवतं. मी उठले होते, पिमचं मनगट धरलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं होतं, "आमचं भाडं भरलेलं आहे."

पिम बिचारा माझ्याकडे बघत राहिला. "भाड्याचं मला काही माहीत नाही, बाई," तो म्हणाला. "मी फक्त विटा लावतो." मी त्याचा हात सोडला, त्याला चहा करून दिला, आणि तो विटा लावत असताना स्वयंपाकघरात जाऊन बसले. सोललेले बटाटे पाण्यात घालायचे राहून गेले आणि काळे पडले. संध्याकाळी कॉन कामावरून आला. माझा नवरा आयर्लंडातल्या कॉर्कचा, म्हणजे बोलायला मिळालं की जेवण विसरणारा. त्याला मी हे सांगायलाच नको होतं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. "भाडं भरलंय म्हणालीस? अगं, घर आपलं आहे, आपण विकत घेतलंय," तो म्हणाला. "शंभर वर्षांपूर्वीचा जमीनदार काय बसने आला होता काय?" मीही हसले. पण हसता हसता मी पुन्हा पुन्हा त्या विटांकडे बघत होते, ते त्याने पाहिलं, आणि मग तो हसायचा थांबला.

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयोमध्ये, माझ्या माहेरच्या भागात, घर खाली करवायला जमीनदाराची माणसं यायची तेव्हा ती आधी सामान बाहेर काढत नसत. आधी चुलीवर पाणी ओतत. आग विझली की घर गेलं, मग तुम्ही आत बसा नाहीतर बाहेर. आमच्या पणजीच्या घरी ती माणसं आली त्या दिवशी ती दारात उभी राहून मोठमोठ्याने रडत होती, भाडं भरलंय, भाडं भरलंय, आणि सगळ्यांचं लक्ष तिच्या रडण्याकडे असताना तिच्या शालीखाली एका मडक्यात तीन निखारे होते. भाडं भरलेलं नव्हतं. ते मडकं पोटाशी धरून ती दलदल ओलांडून पलीकडच्या डोंगराखाली आली, तिथे नवऱ्याने दगडांचं खोपट उभं केलं, आणि त्याच निखाऱ्यांवर त्या खोपटाची पहिली चूल पेटली. तिच्या पोटावर भाजल्याचा डाग होता म्हणतात. मी तो पाहिलेला नाही, माझ्या बापानेही नाही, पण आमच्या घरात प्रत्येक जण त्याचा आकार सांगू शकत असे. ते खोपट म्हणजेच आमचं घर. आणि ती आग तेव्हापासून विझलेली नाही, असं आमच्या लावेल घराण्यात पोर बोलायला लागलं की त्याला सांगितलं जाई. दुसऱ्या घराण्यांत जमीन असते, कोणी बिशप झालेलं असतं. आमच्याकडे निखारे होते.

ती आग सांभाळायचं काम बायकांचं. आजीकडून ते माझ्या आईकडे आलं, ती सून असूनही, आणि आईने ते असं धरलं की जणू लग्न तिने चुलीशीच केलं होतं. ऑनर तिचं नाव, पण गावात तिला "आगीची ऑनर" म्हणत, आणि ते काही कौतुक नव्हे. आमच्याकडे दलदलीतून काळी माती विटांसारखी कापून उन्हात वाळवतात, तिला टर्फ म्हणतात, तेच आमचं सरपण. निजायच्या आधी आई निखारे एकत्र ओढायची, मध्ये दोन ओलसर टर्फ ठेवायची, वरून राखेचं पांघरूण घालायची आणि संत ब्रिजिटचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटायची. ती आग निजवायची; आम्ही दोघं भावंडं आपली आपण निजायचो. सकाळी उठावं तर ती गुडघ्यांवर बसून राख बाजूला करत असे आणि आत लाल डोळा उघडलेला असे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसे ते आमच्याकडे बघताना मी कधी पाहिलं नाही. हे मी लहानपणीच हिशोबात धरून ठेवलं होतं. पोरं असल्या गोष्टी विसरत नाहीत.

आणि तो मे महिन्याचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे कोणी घरातली आग बाहेर देत नाही. दिली तर वर्षभराचं लोणी आणि घराचं नशीब तिच्याबरोबर जातं. पाइप पेटवायला कोणी आत आला तर पाइप संपेपर्यंत त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. एका वर्षी, मी लहान असताना, नेमक्या त्याच दिवशी शेजारची विनी गिंटी दारात आली. नवी सून होती ती, तिची सासू आजारी होती, रात्रीच्या वाऱ्यापावसात छपरातून पाणी येऊन तिची चूल विझली होती. म्हणाली, "ऑनर, एक निखारा दे. म्हातारी गारठलीय." आई म्हणाली, "उद्या ये." मी टेबलाखाली बसले होते, मला विनीचे चिखलाने भरलेले पाय तेवढे दिसत होते, आणि ते बराच वेळ हलले नाहीत. त्या आठवड्यात म्हातारी गेली. ती जाणारच होती, हे डॉक्टरही म्हणाला आणि पाद्रीही. पण गिंटी आणि लावेल या दोन घरांतलं बोलणं तिथे संपलं ते संपलं. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, पण एकीचा दोर दुसरीच्या दोराला लागायचा नाही.

हे सगळं त्या मंगळवारी मला आठवायचं कारण नव्हतं. पण रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून निरोप आला की आयर्लंडहून फोन आहे. ऑस्टिन होता, माझा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि आता त्याची छाती इतकी बिघडली होती की डॉक्टरने त्याला गावातल्या नव्या घरात जायला लावलं होतं. तिथे भिंतीत वीज होती, उबेसाठी काही पेटवावं लागत नव्हतं. ऑस्टिन फोनवर ओरडून बोलतो, समुद्रापलीकडे ऐकू जावं म्हणून. "घराला कुलूप लावतोय," तो ओरडला. "तू ये. आगीचं काय करायचं?" मी म्हटलं, विझू दे. पलीकडे नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला, भात्यासारखा. मग तो हळू म्हणाला, "ते माझं काम नाही, सबायना. पुरुषानं विझवली तर घर मेलं म्हणतात. बाईनं उचलून नेली तर घर नुसतं हललं." मी विचारलं, कुठे नेऊ, बर्मिंगहॅमला? इथे धूर केला तर दंड आहे. तो म्हणाला, "जाणारे लोक शेजाऱ्याच्या चुलीत ठेवून जातात, तुला माहितीये." आमच्या घराला शेजारी एकच होता.

मी कॉनला सांगितलं की मी जाणार आहे आणि आपल्या हाताने त्या चुलीवर पाणी ओतणार आहे. कॉन वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "परक्याच्या हातची किटली बघून पांढरी पडलीस, आणि आता स्वतः ओतणार? जा, जा. येताना लोणी आण." त्याचं खरं होतं. पण माझं म्हणणं त्याला कळण्यासारखं नव्हतं, कारण मी ते त्याला कधी नीट सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी मी घर सोडलं. अठरा वर्षांची होते, बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात साफसफाईचं काम मिळालं होतं. बाप स्कॉटलंडात बटाटे काढायला गेला होता, दर वर्षी जायचा. ऑस्टिन माझी पेटी घेऊन बॅलिना शहरापर्यंत येणार होता आणि रात्री तिथे मामाकडे राहणार होता. आमच्याकडे कोणी परदेशी निघालं की सगळं घर, सगळा गाव तिठ्यापर्यंत येतो. आया बसच्या मागे धावतात, पडतात, त्यांना धरून ठेवावं लागतं. माझी मैत्रीण गेली तेव्हा तिच्या आईला चौघांनी धरलं होतं. माझ्या आईने मला चहा दिला, पाव बांधून दिला, कपाळावर पवित्र पाण्याचा थेंब लावला, आणि मी "येतेस ना?" म्हटल्यावर चुलीकडे बघून म्हणाली, "मी आले तर हिच्याकडे कोण बघणार?"

झालं. एवढंच. बस आली तेव्हा मी ठरवून समुद्राच्या बाजूला बसले. आमचा रस्ता खाडीला वळसा घालून जातो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याला आमचं घर. त्या घराच्या चिमणीतून धूर निघत असणार आणि तो मला बघायचा नव्हता. ऑस्टिन म्हणाला, "इकडे ये, इकडून घर दिसतं." मी म्हटलं, मला समुद्र बघायचाय. समुद्र मी आयुष्यभर पाहिला होता. नंतरच्या वर्षांत आई गेल्याची तार आली तेव्हा मी घरी गेले होते, पण प्रेताच्या गळ्यात पडता येत नाही आणि त्याच्याशी भांडताही येत नाही. त्या वेळचं एकच ठळक आठवतं. घर माणसांनी भरलेलं होतं, चहा आणि तंबाखू फिरत होती, आणि विनी गिंटी आत आली. बोलणं थांबलं. ती आईपाशी गुडघे टेकून बसली, उठली, चुलीजवळ गेली आणि कोणाला न विचारता दोन टर्फ आगीवर ठेवून निघून गेली. परक्या बाईने आमच्या आगीला हात लावला. माझी आत्या म्हणाली, "काय मेलीचा उद्धटपणा." मलाही तसंच वाटलं, आणि नवल म्हणजे आईच्या वतीने राग आला.

या खेपेला घरी पोचले तेव्हा ऑस्टिनने सामान बांधून ठेवलं होतं. सामान म्हणजे काय, दोन पेट्या, रेडिओ आणि येशूची तसबीर. भिंतीवर तिच्या जागी स्वच्छ चौकोन उरला होता. तो आकसला होता, माझा भाऊ. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबून श्वास गोळा करायचा. "तू जाड झालीस," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या वाट्याचंही मीच खाते." दिवसभर मी भांडी घासली, खिडक्या पुसल्या, बंद व्हायच्या घराच्या खिडक्या कोण पुसतं, पण पुसल्या. चुलीकडे मी पाठ करून होते आणि पाठीला ती लागत होती. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ऑस्टिनला न्यायला गाडी यायची होती. तो दाराबाहेर दगडावर जाऊन बसला आणि आत फक्त मी राहिले. किटली भरलेली होती. मी ती उचलली. मला कोणाचा तरी सूड घ्यायचा होता आणि समोर फक्त ती आग होती, छोटीशी, म्हाताऱ्या ऑस्टिनने जेमतेम जगवलेली. मला ती आवडत नव्हती. माझ्या आईने मला जे द्यायचं ते तिला दिलं होतं. पण किटली कलती करायला गेले आणि पिमचा हात आठवला, सावकाश, सभ्य, रोपाला पाणी घालणारा. मी किटली खाली ठेवली आणि लोखंडी भांडं शोधायला लागले. राग आईवर होता, पणजीवर नव्हता, तेवढं मात्र खरं.

तीन निखारे उचलले, राखेवर ठेवले, वर झाकण घातलं. मागे उरलेले पसरून टाकले, ते आपोआप निवतील म्हणून. शेतातून गिंटींच्या घरापर्यंत जाताना वारा होता, भांडं जड होतं, आणि मी भांडं पोटाशी धरलं होतं हे माझ्या तिथे पोचल्यावर लक्षात आलं. विनी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. केस पांढरे, पाठ ताठ. विधवा होती, मुलं शिकागोला. मी तयार करून आणलेलं वाक्य म्हटलं: "मिसेस गिंटी, तुम्हाला नको असेल तर मी समजू शकते." तिने भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार पायाने उघडून धरलं. "वाऱ्यात कशाला उभी राहतेस," ती म्हणाली. "आण आत. आपल्याच घरी आलीय ती."

मला वाटलं, म्हातारी शेजारधर्माचं बोलते आहे. तिने चिमटा आणला, आमचे निखारे एकेक करून आपल्या चुलीत ठेवले, आणि क्षणभरात कोणते कोणाचे ते ओळखू येईना. मग ती बाकावर बसली आणि मला बसायची खूण केली. "तुझ्या आईनं मला कोणाला सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुमचं घर चालू आहे तोवर. आता कुलूप लागलं ना? मग झालं. ही आग आमचीच आहे, मुली. तुमची मेली होती." मी म्हटलं, शक्य नाही. "तू गेलीस त्या दिवशी मेली," विनी म्हणाली. "मी खालच्या वावरात बटाटे काढत होते. तू आणि ऑस्टिन तिठ्याकडे गेलात, आणि तू नजरेआड झालीस तशी ऑनर घरातून निघाली ती धावतच. तिठ्याकडे नाही. वर, कुरणाकडे. चुलीजवळचं लाल फडकं होतं तिच्या हातात. मला वाटलं, हिची गाय सुटली. मग बस आली, आणि ती वर उभी राहून ते फडकं हलवायला लागली. बस खाडीला वळसा घालून पार पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत हलवत होती. मी मनात म्हटलं, या बाईला हसता येत नाही, रडता येत नाही, आणि बघा."

विनी तिच्या सुरात सांगत राहिली, कालच्या बाजाराचं सांगावं तसं. "मग ती खाली बसली. मला वाटलं, उठेल. मी बटाट्यांच्या दोन ओळी संपवल्या, घरी आले, पोरांना खायला घातलं, परत गेले, ती तिथंच. घरात कोणी नव्हतं, चुलीवर दिवसभर एक टर्फ पडला नाही. संध्याकाळी मी गाय पिळत होते तेव्हा ती दारात आली. हातात हेच भांडं. म्हणाली, विनी, आग गेली." मी विचारलं, "मग तुम्ही दिलीत?" "मी काही संत नाही," विनी म्हणाली. "म्हटलं, थांब. आणि पूर्ण गाय पिळून होईपर्यंत तिला बाहेर उभी ठेवली. माझ्या सासूसाठी. ती हूं की चूं न करता उभी राहिली. मग दिली. काड्यापेटी तिच्या खिशात होती, मला आवाज येत होता तिचा. पण काडीनं लावलेली आग तिला चालली नसती." मी विचारलं, त्यानंतर तुम्ही बोलायला लागलात का. "छे," विनी म्हणाली. "काय बोलायचं? पण चर्चमध्ये माझी जागा धरून ठेवायची ती. टोपी ठेवून. आयुष्यभर."

ऑस्टिन निघाला तेव्हा त्याने विचारलं, "घेतली का तिनं?" मी म्हटलं, घेतली. बाकीचं सांगितलं नाही. त्याने इतकी वर्षं खोकत खोकत पणजीची आग जगवली होती, ती त्याची राहू दे. गाडीत बसताना तो मागे वळून चिमणीकडे बघत होता आणि चिमणीतून काही निघत नव्हतं. "हललं नुसतं," तो म्हणाला. मी म्हटलं, हो. मला त्या वेळी आईचा इतका राग आला होता की ती समोर असती तर मी तिला खांदे धरून हलवलं असतं. तिठ्यापर्यंत यायला काय झालं होतं? चार माणसांनी धरलं असतं तिला. मला ते बघायला मिळालं असतं, आणि मी ते बर्मिंगहॅमला घेऊन गेले असते, आणि कदाचित दर नाताळला घरी आले असते. ती मान वाकवून कोणाच्या दारात उभी राहू शकत होती, गाय पिळून होईपर्यंत, पण माझ्या समोर नाही. मग वाटलं, मीही कॉनला काय सांगितलं आहे आजवर? काही नाही. मी तिची मुलगी आहे यात काही शंका नको.

तिठ्यावर बस आली, तीच वाट, ड्रायव्हर पोरगेलासा. बसमध्ये तीनच माणसं. समुद्राच्या बाजूची जागा रिकामी होती, ऊन पाण्यावर आलं होतं. मी डोंगराच्या बाजूला बसले. बस सुटली, चर्च गेलं, शाळा गेली, आणि खाडीच्या पहिल्या वळणावर घराच्या वरचं कुरण समोर आलं, हिरवं, मोकळं, एक दगडी बांध आणि दोन मेंढ्या. मला वाटलं होतं, एक झलक दिसेल. पण दुसऱ्या वळणावर ते पुन्हा आलं, तिसऱ्यावर आणखी स्वच्छ, आणि बस खाडीच्या पार पलीकडे पोचली तरी ते काचेत होतंच. तिथे कोणी उभं असतं तर हातातल्या फडक्याचा रंगसुद्धा कळला असता. मी हात वर केला आणि कंडक्टर विचारायला आला, उतरायचंय का. मी नाही म्हटलं, आणि हात तसाच ठेवला.